लिथियम बॅटरी बसवण्याआधी गाडीचं चार्जिंग मोजा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कोरेगावहून एक गाडी माझ्या गॅरेजला आली. ३५० सीसी, आठ वर्षं वापरलेली, पण मालकाने जीव लावून सांभाळलेली. तक्रार साधी होती. नवी लिथियम बॅटरी टाकून दोनच महिने झाले होते आणि सकाळी गाडी सेल्फ घेत नव्हती. साइड पॅनल काढलं तर बॅटरी पेटीतून निघेना. तिच्या दोन्ही बाजू टम्म फुगल्या होत्या आणि नाक जवळ नेलं की नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येत होता. वायरी सोडवून ती हळूच बाहेर काढली आणि अंगणातल्या वाळूच्या ढिगावर ठेवली. मग माझ्याकडची अ‍ॅसिडची बॅटरी लावून गाडी चालू केली आणि मीटर धरला. आयडलला, म्हणजे रेस न देता, १३.९ व्होल्ट. जरा रेस दिली तर १५.९.

मालकाला विचारलं, "हेडलाइटचे बल्ब सारखे जातात का हो?"

"वर्षात तीन गेले. मला वाटलं, बल्बच डुप्लिकेट निघाले."

त्या गाडीचा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आवरून धरणारा भाग, बॅटरी बदलण्याच्या कितीतरी आधीच गेलेला होता. अ‍ॅसिडची बॅटरी जास्तीचं चार्जिंग पाणी उडवून सहन करत राहिली, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. लिथियमला उडवायला पाणीच नसतं. लिथियम बॅटरी "बोगस निघाली" म्हणून साताऱ्यात जेवढ्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यातल्या बहुतेकांत खोट बॅटरीत नव्हती, गाडीच्या चार्जिंगमध्ये होती. म्हणून बॅटरीच्या आधी मीटरबद्दल लिहितो आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. तो घेतल्याशिवाय लिथियमच्या वाटेला जाऊ नका.

आधी नाव नीट कळू द्या

"लिथियम" हा बॅटरीचा एकच प्रकार नाही. लॅपटॉपमध्ये आणि बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये निकेल-कोबाल्ट वापरलेले सेल असतात. पेट्रोल गाडीच्या सेल्फसाठी चांगल्या कंपन्या वापरतात ते सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे, बाजारातल्या भाषेत एलएफपीचे. हा पदार्थ १९९७ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आला. त्या मूळ संशोधनात अक्षय पाढी हे भारतीय नावही आहे. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी गुडइनफ यांना २०१९ चं नोबेल विभागून मिळालं. आपल्या कामाची गोष्ट अशी की फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो. सेल तापला तरी तो सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे आगीला आतून इंधन कमी मिळतं. पण सेलमधला द्रव ज्वलनशीलच असतो. तेव्हा "एलएफपी कधीच पेटत नाही" असं कुणी विकताना सांगितलं तर ते खरं धरू नका. ती सहजी पेटत नाही, एवढंच.

२०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या आणि तेव्हापासून बरेच जण माझ्याकडे घाबरून विचारतात. त्यानंतर सरकारने इलेक्ट्रिक दुचाकींच्या बॅटरीचे एआयएस-१५६ हे नियम कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. हे नियम गाडी पळवणाऱ्या बॅटरीसाठी आहेत. तुम्ही दुकानातून आणून पेट्रोल गाडीत टाकता ती सेल्फची बॅटरी त्यात येत नाही, म्हणजे तिची पारख तुम्हालाच करायची आहे. आकारातला फरकही लक्षात घ्या. स्कूटरच्या बॅटरीत दोन-तीन हजार वॉट-अवर ऊर्जा असते, सेल्फच्या बॅटरीत चाळीस-पन्नास. धोका त्या मानाने लहान, पण ती पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर बसलेली असते.

कुणी बसवावी, कुणी नाही

रोज पोवई नाका ते एमआयडीसी जाणाऱ्या ११० किंवा १२५ सीसीच्या गाडीला लिथियमची गरज नाही. पैसे दुपटी-तिपटीने जातात आणि मिळतं फार थोडं. फायदा दिसतो तो मोठ्या इंजिनला. अ‍ॅसिडची चार किलोची बॅटरी जाऊन तिथे एक-सव्वा किलोची येते, सेल्फ जोरात फिरतो, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तरी बॅटरी स्वतःहून फारशी उतरत नाही.

पॉइंट-कंडेन्सरच्या काळातली जुनी गाडी असेल तर स्पष्ट नाही म्हणतो. त्यांचं चार्जिंग ना स्थिर, ना पुरेसं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी "चालतंय की" पुढे कामाला येत नाही.

चार्जिंग मोजायची रीत

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. सध्याची अ‍ॅसिडची बॅटरी चांगली असू द्या. मेलेल्या बॅटरीवर घेतलेलं माप फसवं असतं.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर आधी इंजिन बंद ठेवून बघा. १२.६ ते १२.८ हवं. मग चालू करा. आयडलला १३ च्या वर आणि मध्यम रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा स्थिरावला पाहिजे. रेस वाढवत न्या. १४.८ च्या वर गेलं तर काम तिथेच थांबवा, आधी रेग्युलेटर बदला. उलट, कितीही रेस देऊन १३.५ च्या वर जात नसेल तरी लिथियम टाकू नका. भरलेली लिथियम बॅटरी नुसती पडून असतानाच १३.३ दाखवते, तिला भरायला त्याच्या वरचा दाब, म्हणजे जास्त व्होल्ट लागतात. १३.५ वर ती कायम अर्धपोटी राहील.

आता भार टाका. अप्पर लाइट, ब्रेक दाबलेला, इंडिकेटर चालू, हॉर्न. मध्यम रेसला आकडा १३.५ च्या खाली येता कामा नये. फॉग लाइट लावलेल्या गाड्यांत बहुधा इथेच उघडं पडतं. लाइट दोन्ही बाजूंनी भरपूर लावलेले असतात आणि स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) मात्र कंपनीचाच, मोजून-मापून वीज देणारा.

यानंतरची पायरी लोक टाळतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. थंड रेग्युलेटर सज्जनासारखा वागतो, तापला की खरा रंग दाखवतो. म्हणून मी गाडी घेऊन यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जातो आणि परत येतो, पन्नासेक किलोमीटर. आल्या आल्या इंजिन बंद न करता पुन्हा मोजतो. कोरेगावच्या गाडीत नवा रेग्युलेटर बसवल्यावर गॅरेजमध्ये १४.३ मिळाले होते, घाटातून आल्यावर १४.२. एवढा फरक चालतो. गरम झाल्यावर आकडा १४.८ ओलांडत असेल किंवा नाचत असेल, तर थंड असतानाचं माप कितीही सुंदर असो, विश्वास ठेवू नका.

आकडा कमी येत असेल तर लगेच स्टेटर किंवा रेग्युलेटर विकत आणायला धावू नका. इंजिन चालू, लाइट चालू ठेवून मीटरची एक पिन रेग्युलेटरमधून येणाऱ्या प्लसच्या वायरला मागून लावा, दुसरी बॅटरीच्या प्लसला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेतला कुठला तरी कप्लर (वायरी जोडणारा प्लग) जळून तपकिरी झालेला असतो. तसंच रेग्युलेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत बघा. आपल्याकडच्या पावसात अर्थिंगच्या लगांवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्यांवर, हिरवा थर येतोच. तो घासून स्वच्छ केला की कित्येकदा अर्धा व्होल्ट परत मिळतो, फुकटात.

चावी बंद असतानाची गळती

जीपीएस ट्रॅकर, अलार्म, मोबाइल चार्जर, यातलं काहीही लावलेलं असेल तर हे मोजा. चावी बंद करा, मायनसची वायर सोडवा, मीटर १० अँपिअरवर लावून बॅटरीचं मायनस आणि ती सोडवलेली वायर यांच्यामध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ दाबू नका, मीटर जळेल.

समजा २० मिलिअँपिअर दिसले. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर गेला. १२ अँपिअर-अवरची अ‍ॅसिडची बॅटरी हे तीन-साडेतीन आठवडे सोसते. तिच्या जागी घेतलेली लिथियम आठ दिवसांत झोपते. कारण पुढे सांगतो.

बॅटरी निवडताना लेबल वाचा

लिथियम बॅटरीवर पुष्कळदा "१२ एएच समतुल्य" असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की सेल्फ फिरवायच्या ताकदीत ती १२ अँपिअर-अवरच्या अ‍ॅसिड बॅटरीच्या बरोबरीची आहे. पोटात साठा मात्र साधारण एक तृतीयांश असतो. खरा साठा काढायचा तर लेबलवरचे वॉट-अवर शोधा आणि त्याला १२.८ ने भागा. ४८ वॉट-अवर असतील तर ३.७५ अँपिअर-अवर. वॉट-अवर छापलेच नसतील तर ती बॅटरी परत फळीवर ठेवा. घाटात फिरणाऱ्या, ट्रॅकर लावलेल्या गाडीला मी नेहमी एक नंबर मोठी बॅटरी घ्यायला लावतो.

लेबलवर लिथियम आयर्न फॉस्फेट किंवा एलएफपी असं स्पष्ट छापलेलं हवं. नुसतं "लिथियम आयन" पुरेसं नाही. हे मी कळकळीने सांगतो आहे, कारण जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून बनवलेले पॅक स्वस्तात विकले जातात. त्यात तीन सेल ओळीने जोडलेले असतात आणि बाहेरून ते बारा व्होल्टचेच दिसतात. तुमची गाडी देणार १४.४. भागिले तीन, म्हणजे प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट, आणि त्या सेलची हद्द आहे ४.२. एलएफपीचे चार सेल असतात, तिथे हाच दाब प्रत्येकी ३.६ होतो आणि तो त्यांना मानवतो. असा जुळवलेला पॅक सीटखाली ठेवून महामार्गाला लागणं म्हणजे पेटता निखारा पदरात बांधून निघणं.

आत बीएमएस आहे का, तेही विचारा. बीएमएस म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट. सगळ्यांचं काम सारखं नसतं. काही सर्किटं फक्त सेल समान पातळीवर ठेवतात, काही दाब वाढला की बॅटरी गाडीपासून तोडतात. तोडणारं सर्किट बॅटरीला वाचवतं, पण धावत्या गाडीत बॅटरी अचानक तुटली तर तोपर्यंत तिच्यावर खर्च होणारा दाब थेट ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि एबीएसवर (ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) जातो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यांचा ईसीयू स्वस्त नाही. म्हणजे बीएमएस असला तरी चार्जिंग ठीक असणं चुकत नाही.

दुकानातच लांबी-रुंदी-उंची मोजा आणि प्लस कुठल्या बाजूला आहे ते बघा. उलट्या बाजूच्या टर्मिनलला ओढूनताणून जुळवलेली वायर आज ना उद्या फ्रेमला घासते.

बसवताना

काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. पान्हा चुकून फ्रेमला टेकला तरी ठिणगी उडू नये म्हणून ही रीत आहे, आणि लिथियममध्ये ती ठिणगी जास्त जोरदार असते.

लिथियम बॅटरीचं टर्मिनल लहान आणि मऊ असतं. लग थेट त्याच्यावर सपाट बसला पाहिजे, मध्ये वॉशर नको. नट हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग पान्ह्याने फक्त आवळा. जोर लावला तर आतला पितळी नट प्लास्टिकसकट फिरतो आणि बॅटरी कायमची वाया जाते. पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा एकदा आवळून बघा. "सेल्फ टकटक करतो" म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी निव्वळ सैल लगाच्या असतात. नंतर टर्मिनलवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा आणि प्लसवर रबरी टोपी घाला.

बॅटरी लहान असल्याने पेटीत मोकळी जागा उरते. ती फोमच्या तुकड्यांनी भरा, पट्टा घट्ट लावा. हलवून बघा, आवाज यायला नको. थर्माकोल घालू नका. पेटी इंजिनच्या मागे अगदी चिकटून असेल आणि तास-दीड तास चालवल्यावर बॅटरीला हात लावून ठेवता येत नसेल, तर त्या जागी लिथियम नको.

महाबळेश्वरची थंडी

साताऱ्यात थंडीचा त्रास फारसा जाणवत नाही. पण मेढ्याहून केळघर घाट चढून महाबळेश्वरला मुक्काम केला की गणित बदलतं. उंची साधारण १३५० मीटर, आणि डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेक, लिंगमळ्याकडे गवतावरचं दव गोठलेलं लोकांनी पाहिलेलं आहे. थंडीत लिथियमच्या आतला विरोध वाढतो. पहाटे सेल्फ दाबला की एकदा "घर्र" होतं आणि सगळं गप्प. लोक घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबतात. तसं करू नका.

बॅटरीला आधी हलका भार द्यायचा. तिच्यातून करंट गेला की ती आतून गरम होते. पूर्वी यासाठी हेडलाइट लावा म्हणायचे. पण २०१७ पासूनच्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू झाल्याशिवाय लागत नाही. मग चावी चालू करून इंडिकेटर लावा, ब्रेक दाबून धरा, पासचं बटण थोडा वेळ दाबा. एक-दोन मिनिटं. नंतर सेल्फ दोन-तीन सेकंद द्या, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला इंजिन उचलतं. अ‍ॅसिडची बॅटरी प्रत्येक प्रयत्नाला दमत जाते. ही आधी दमलेली दिसते आणि मग जोर धरते.

शून्य अंशाखाली मात्र लिथियमला चार्जरवर लावायचं नाही, सेलच्या आत धातूचा थर बसतो. हिमाचल-लडाखला जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

घरी चार्ज करताना आणि गाडी उभी ठेवताना

चार्जरवर एलएफपीचा वेगळा मोड हवा, १४.४ ते १४.६ वर थांबणारा. अ‍ॅसिडच्या चार्जरमध्ये बॅटरी "ताजी" करण्यासाठी जोराचे झटके देणारा मोड असतो, तो लिथियमला अजिबात लावू नका. चार्जिंग शहाबादी फरशीवर, मोकळ्या जागी, जागेपणी. पलंगाखाली किंवा देवघराच्या कोपऱ्यात रात्रभर नाही.

व्होल्ट वाचायची सवयही बदला. अ‍ॅसिडच्या बॅटरीत १२.८ म्हणजे पोट भरलेलं. लिथियममध्ये १२.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. १३.३ भरलेली, १३.० च्या खाली आली की चार्ज करा.

पावसाळ्यात तीन महिने गाडी झाकून ठेवणार असाल तर बॅटरी १३.२ च्या आसपास ठेवा, मायनस सोडवा आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा मोजा. काठोकाठ भरून ठेवायची गरज नाही.

एकदा बॅटरी १० व्होल्टच्या खाली जाऊन तिथे पडून राहिली, की मी ती चार्जरला लावत नाही, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो. फारच खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. शून्य दिसत असेल तर बीएमएसने तोडलेली असू शकते, कंपनीच्या पुस्तिकेत ती परत चालू करायची पद्धत बघा. आणि चांगली भरलेली बॅटरी सकाळी १३.३ ऐवजी एकदम १० दाखवत असेल तर एक सेल गेला, दुसरा अर्थ नाही. एका सेलचे ३.२ वजा करून बघा.

फुगली, तापली, धूर आला तर

फुगलेली किंवा गोड वास येणारी बॅटरी पुन्हा वापरायची नाही. टाचणी मारून हवा काढणारे मी पाहिले आहेत, हात जोडून सांगतो, तसं करू नका. ती थंड असेल तर वायरी सोडवून घरापासून लांब, मातीवर किंवा वाळूवर ठेवा.

चालू गाडीत सीटखालून धूर दिसला तर कडेला घ्या, चावी बंद करा, उतरा आणि लांब व्हा. पंधरा-वीस पावलं तरी. सीट उघडून बॅटरी ओढायला जाऊ नका, वर पेट्रोलची टाकी आहे. तो पांढुरका धूर विषारी असतो आणि पेट घेणाराही, म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा. १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि लिथियम बॅटरी आहे हे आधी सांगा. पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही, त्यामुळे थोड्या वेळाने पुन्हा पेट घेते. थंड करायला भरपूर पाणीच लागतं, आणि ते काम अग्निशमनवाल्यांचं.

कोरेगावच्या गाडीला शेवटी मॉसफेटचा, म्हणजे कमी तापणाऱ्या जातीचा, नवा रेग्युलेटर बसवला, जळका कप्लर कापून नवा टाकला. मालक दुसऱ्यांदा लिथियमच घ्यायची म्हणत होता. मी त्याला महिनाभर अ‍ॅसिडवरच चालवायला लावली आणि दर रविवारी मीटरचा फोटो पाठवायला सांगितला. चारही फोटोंत १४.२ ते १४.३ दिसल्यावरच नवी बॅटरी बसवली.

जुनी फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला वजनावर दिली नाही. तिथे ती बाकीच्या लोखंडात पडते आणि दोन टर्मिनलना एखादा पत्रा टेकला की झालं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची आहे. म्हणून जिथून घेतली त्या दुकानदाराकडेच ती पोहोचवली. नेताना दोन्ही टर्मिनलवर चिकटपट्टीचे दोन-दोन वेढे दिले आणि वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून, झाकण सैल ठेवून, गाडीच्या मागच्या कॅरिअरवर बांधली.